मागच्या अंगणातलं घर: परवानगी मिळाली, पैशाचं काय?

आमच्या समोरच्या घरात एक आजी राहतात. आजी हे माझ्या मुलांनी पाडलेलं नाव, बाई इथल्याच, कॅलिफोर्नियात जन्मलेल्या, वय 77, नवरा जाऊन नऊ वर्षं झालीत. घर स्वतःचं, कर्ज कधीच फिटलंय, आणि प्रॉपर्टी टॅक्सही फार नाही कारण 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे, टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते. मागे लांबलचक अंगण, कोपऱ्यात लिंबाचं झाड, आणि कुंपणाला लागून दोन गाड्यांचं जुनं गॅरेज, त्यात गाडी नाहीच, नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं आणि ख्रिसमसचे खोके. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की गॅरेजच्या जागी छोटं घर करायचं, पायऱ्या नसलेलं, बाथरूममध्ये धरायला दांडे असलेलं, आपण तिकडे राहायला जायचं आणि पुढचं तीन बेडरूमचं घर एखाद्या कुटुंबाला भाड्याने द्यायचं. नकाशे झाले, सिटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, पास केले, परमिट हातात आलं. मग त्या कर्जासाठी बँकेत गेल्या आणि बँकेने सांगितलं की तुमचं घर दहा लाख डॉलरच्या वरचं आहे हे खरं पण तुमचं महिन्याचं उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीचा, सरकारी पेन्शनचा, चेक, त्यात हा हप्ता बसत नाही.

पुढच्या घराचं भाडं आलं की तो हप्ता आरामात निघेल हे आजींना कळतं, मला कळतं, बँकेतल्या माणसालाही कळत होतं. पण ते भाडं अजून येत नाहीये ना, म्हणून ते धरत नाहीत. आणि घर बांधल्याशिवाय भाडं येणार नाही. झालं, इथेच सगळं अडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅलिफोर्नियाने या मागच्या अंगणातल्या घरांच्या, म्हणजे एडीयूंच्या (ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट), परवानगीचा प्रश्न जवळजवळ सोडवलाय, ते फार मोठं काम झालंय आणि मी पूर्णपणे त्याच्या बाजूची आहे, पण पैशाचा प्रश्न तसाच सोडलाय, आणि त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांनाच अजून एक घर बांधता येतंय. सरकारने आता पैशाची सोय केली पाहिजे, आणि ती करताना त्या घरात जो राहायला येणार त्याच्या बाजूने अट घातली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदम.

आधी परवानगीचं बोलू, कारण ती किती कष्टाने मिळालीय हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मागच्या अंगणात दुसरं घर बांधता यावं असा कायदा राज्याने 1982 लाच केला होता, पण गावोगावच्या सिटींनी त्यात एवढे खोडे घातले की कुणी बांधेचना. प्लॉट अमुकच मोठा पाहिजे, दोन गाड्यांची जास्तीची पार्किंग दाखवा, शेजाऱ्यांसमोर सुनावणी, फी इतकी की बांधकामाआधीच माणूस थकून जाईल. 2016 मध्ये पास झालेले आणि 2017 पासून लागू झालेले कायदे आले तेव्हा पहिल्यांदा गाडी हलली आणि 2020 पासून तर चित्रच पालटलं. आता साधा हिशोब असा की सिटीला 60 दिवसांत हो की नाही सांगावं लागतं, नाही सांगितलं तर मंजूर धरलं जातं. 800 स्क्वेअर फुटांपर्यंतचं, मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून 4 फूट सोडून असलेलं घर सिटीला अडवताच येत नाही. गॅरेजचं घर केलं तर गेलेली पार्किंग दुसरीकडे भरून द्यायची गरज नाही, 750 स्क्वेअर फुटांच्या आतल्या घराला इम्पॅक्ट फी, म्हणजे रस्ते-बागांसाठी नव्या बांधकामावर घेतात ती फी, नाही, एचओएला, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीला, सरसकट बंदी घालता येत नाही. मालकाने तिथेच राहिलं पाहिजे ही जुनी अटही आधी काही वर्षांपुरती आणि मग 2023 च्या कायद्याने कायमची काढून टाकली. परिणाम असा की 2016 पर्यंत वर्षाला जी अगदी थोडी परमिटं निघायची ती 2023 मध्ये 25 हजारांच्या वर गेली, राज्यात मंजूर होणाऱ्या नव्या घरांपैकी साधारण पाचातलं एक घर आता कुणाच्या तरी अंगणात उभं राहतंय. एवढ्या घरांसाठी सरकारला एक इंचही जमीन विकत घ्यावी लागली नाही.

आता पैसे. एडीयू बांधून देणाऱ्यांच्या जाहिराती बघितल्या की वाटतं भाडं येईल, हप्ता जाईल, वर चार पैसे उरतील. मी आमचं बांधायच्या आधी डायनिंग टेबलवर बसून हिशोब केला होता, तो सगळ्यांनी करावा म्हणून आजच्या अंदाजाने इथे मांडते. समजा नवीन सुटं घर बांधायला अडीच लाख डॉलर लागले, ते घरावर 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता साधारण 2,090 डॉलर. भाडं समजा 2,200, पण वर्षातला एखादा महिना घर रिकामं जातंच, भाडेकरू बदलतो, रंग काढावा लागतो, म्हणजे सरासरी 2,015 च्या आसपास हातात येतात. हप्त्यातच 75 डॉलर कमी पडले. मग प्रॉपर्टी टॅक्स, तो फक्त नव्या बांधकामाच्या किमतीवर वाढतो, जुन्या घराचा आकडा त्यामुळे हलत नाही, तो हलेल ही भीती उगाच घालतात लोक, पण तरी महिन्याला 240 च्या घरात जातोच. इन्शुरन्स आणि दुरुस्तीचे दीडशे धरा. म्हणजे महिन्याला साडेचारशे-पावणेपाचशे डॉलर खिशातून, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवली तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. त्या हप्त्यांतून पहिल्याच वर्षी पाच हजारांच्या वर मुद्दल फिटतं, ते कुठे गेलं नाही, ते तुमच्याच घरात आहे. भाड्याच्या उत्पन्नावर टॅक्स भरताना बांधकामाचा खर्च साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा होतो, म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. भाडं हळूहळू वाढतं, हप्ता तेवढाच राहतो. दहा वर्षांनी चित्र वेगळं असेल, वीस वर्षांनी तर फारच वेगळं. पण हे सगळं त्याच्यासाठी ज्याला पहिली सात-आठ वर्षं महिन्याला पाचशे डॉलर वरून घालता येतात. आमच्या घरात दोन पगार आहेत, आम्हाला जमलं. आजींना नाही जमणार, आणि गल्लीच्या टोकाला राहणारा तो बसड्रायव्हर ज्याने आईवडिलांचं घर ठेवलंय त्यालाही नाही जमणार. आमच्यापेक्षा जास्त गरज त्या दोघांना आहे.

बर्कलीच्या युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासकांनी 2021 मध्ये एडीयू बांधलेल्या मालकांची पाहणी केली होती, त्यात खर्चाचा मध्यक दीड लाख डॉलर निघाला होता. त्यात गॅरेज बदलून केलेली घरंही होती, आणि त्यानंतर लाकूड, मजुरी, व्याज सगळंच वर गेलंय. त्या पाहणीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे निम्म्याच्या आसपास घरं सरळ भाड्याने दिलेली होती, बऱ्याच घरांत फुकटात नातेवाईक राहत होते आणि चार दिवसांसाठी पर्यटकांना देण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होतं. म्हणजे ही घरं माणसं राहण्यासाठीच वापरली जातायत. मग ती बांधायला मदत करायला सरकारने कचरू नये.

घर पहावं बांधून म्हणतात ते मला चाळिशीत कळलं. आमचं गॅरेजचंच केलं, 420 स्क्वेअर फूट. मला वाटलं होतं चार भिंती आहेत, छप्पर आहे, खाली काँक्रीट आहे, आता काय लागणार, दार-खिडक्या आणि किचन. पहिल्याच आठवड्यात कळलं की गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, पाणी वाहून जावं म्हणून, त्यावर बेड ठेवला तर उशाकडची बाजू दोन इंच वर. ती सरळ करायची, खाली ओल येऊ नये म्हणून कागद, मग वर नवा थर. मग ड्रेनेज. गॅरेज मागे, सिटीची लाइन पुढे रस्त्यात, म्हणजे अख्ख्या प्लॉटच्या लांबीचा चर खणायचा आणि पाइपला सगळीकडे सारखा उतार मिळाला पाहिजे, फुटाला पाव इंच, नाहीतर पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते. आमच्या चरात मध्येच शेजारच्या झाडाचं मूळ आलं, मांडीएवढं जाड. ते तोडायचं तर झाड मरेल आणि नाही तोडायचं तर उतार बिघडेल, शेवटी पाइप दीड फूट बाजूने वळवला, एक जास्तीचा क्लीनआउट, म्हणजे पाइप साफ करायचं तोंड, बसवला आणि त्या तीन दिवसांत 3,800 डॉलर गेले. विजेचं पॅनल 100 ॲम्पियरचं होतं ते 200 चं करावं लागलं, वीज कंपनीची तारीख मिळेपर्यंत चार महिने घर तयार असून अंधारात उभं. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशनमध्ये यातलं काहीच धरलं नव्हतं, आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आता कुणी मला विचारलं की मी पहिलं हेच सांगते, स्क्वेअर फुटाचा रेट विचारू नका, ड्रेनेजची लाइन कुठून जाणार आणि पॅनल किती ॲम्पियरचं आहे ते आधी बघा.

हे एवढ्यासाठी सांगतेय की हे खर्च घर केवढंही असलं तरी जवळपास तेवढेच येतात. चर तेवढाच खणावा लागतो, पॅनल तेवढंच लागतं, किचन आणि बाथरूम एकेकच. म्हणून छोटं घर स्वस्त पडतं हा समज अर्धाच खरा आहे, आणि ज्याच्याकडे अडीअडचणीला दहा-वीस हजार बाजूला नाहीत त्याचं काम अर्ध्यात अडकतं, आणि घरावर कर्ज काढलेलं असेल तर नवं घरही नाही आणि जुन्या घरावर बोजा, अशी अवस्था होते.

सुरुवातीला त्यात माझे आई-बाबा राहिले. ते व्हिजिटर व्हिसावर येतात, एका वेळेस सहा महिने, आणि आधी ते आमच्या हॉलशेजारच्या खोलीत असायचे तेव्हा बाबा पहाटे साडेचारला उठून अंधारात बसून राहायचे, मुलं उठतील म्हणून चहासुद्धा करायचे नाहीत. मागच्या घरात पहिल्या सकाळी मी किचनच्या खिडकीतून बघितलं तर तिकडचा दिवा लागलेला, आई ओट्यापाशी उभी, बाबांचा रेडिओ. नंतर बाबांच्या गुडघ्यांमुळे येणं थांबलं, तेव्हा आम्ही ते भाड्याने दिलं. राहायला आली ती इथल्या शाळेत मदतनीस म्हणून काम करणारी बाई आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. ती आधी दीड तास लांबून यायची, रोज, एका बाजूने. आता चालत जाते. तिला गावात मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये घर परवडत नव्हतं आणि आमच्या गल्लीत तर भाड्याचं घरच नव्हतं, एकही नाही, कारण पूर्वीच्या नियमांनी एका प्लॉटवर एकच घर चालायचं.

आणि हा नियम काही आकाशातून पडला नव्हता. एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर हा नियम अमेरिकेत पहिल्यांदा 1916 मध्ये बर्कलीतल्या एल्मवूड भागात आला, आणि त्याच्यामागे काळ्या आणि आशियाई लोकांना लांब ठेवण्याची भावना होती हे बर्कलीच्या सिटी कौन्सिलने 2021 मध्ये ठराव करून मान्य केलं. त्याच काळात, 1913 मध्ये, कॅलिफोर्नियाने जमिनीचा असा कायदा केला होता की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबहून आलेल्या गृहस्थांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय लोक गोरे नाहीत म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत असं ठरवल्यावर तो कायदा आपल्या लोकांनाही लागला. नागरिकत्वाची वाट 1946 मध्ये उघडली, जमिनीचा कायदा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 1952 मध्ये रद्द केला. जुन्या खरेदीखतांत तर गोऱ्यांशिवाय कुणी इथे राहू नये असं सरळ लिहिलेलं असायचं, 1948 पर्यंत कोर्टं ते मानायची. म्हणून जेव्हा आपलाच एखादा देसी माणूस, चांगला शिकलेला, सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये उभा राहून म्हणतो की एडीयूंमुळे आमच्या भागाचं कॅरेक्टर बदलेल, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कॅरेक्टर बदलेल हेच शब्द आपल्या आधी आलेल्यांना ऐकवले गेले होते.

याचा अर्थ शेजाऱ्यांच्या सगळ्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. 4 फूट म्हणजे खरंच जवळ आहे, हात लांब केला की कुंपण. शेजारच्या बेडरूमसमोर कुणाच्या तरी बाथरूमचा एक्झॉस्ट आला तर त्याला राग येणारच, आणि कायद्याने सुनावणी नाही म्हणून त्याला कुणी विचारतही नाही. आम्ही कुंपणाकडच्या भिंतीला खिडक्या छताजवळ लावल्या, उजेड येतो आणि कुणाला कुणाचं दिसत नाही, खर्च तेवढाच आला, पण ते आम्ही स्वतःहून केलं. सिटीने तयार ठेवलेल्या मंजूर नकाशांमध्ये, जे आधीच मंजूर करून ठेवायची सोय 2025 पासून सगळ्या सिटींना करावी लागते, खिडक्या अशाच दाखवल्या तर अर्धी भांडणं होणार नाहीत. पार्किंगचं म्हणाल तर आमच्या भाडेकरूकडे एकच गाडी आहे, समोरच्यांकडे चार आहेत, त्यांना कुणी काही म्हणत नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. मालकाने तिथे राहायची अट गेली ते बरंच झालं, त्या अटीमुळे बँका कर्ज द्यायला बिचकायच्या आणि नोकरीसाठी दोन वर्षं बाहेर जावं लागलेला माणूस अडकायचा. पण त्याच दारातून गुंतवणूकदारही आत आले. सॅन डिएगोने बोनस योजना काढली होती, एक एडीयू कमी उत्पन्नाच्या भाडेकरूसाठी राखलं तर आणखी एक बांधायला परवानगी, आणि बस-ट्रेनजवळच्या भागात त्याला वरची मर्यादाच नव्हती. मग एकेका प्लॉटवर डझनावारी घरांचे प्रस्ताव यायला लागले, लोक चिडले आणि 2025 मध्ये सिटी कौन्सिलला त्यावर मर्यादा आणाव्या लागल्या. यात नुकसान कुणाचं झालं, तर अंगणात एकच छोटं घर बांधू बघणाऱ्याचं, कारण लोकांच्या डोक्यात एडीयू म्हणजे बिल्डरची चलाखी हे पक्कं बसलं.

भाडेकरूचंही बघा. राज्यात 2019 च्या कायद्याने भाडेवाढीला मर्यादा आहे, महागाई अधिक 5 टक्के, आणि कसंही झालं तरी 10 च्या वर नाही, पण नवीन बांधलेल्या घराला पहिली 15 वर्षं ती लागू होत नाही. म्हणजे एडीयूत राहणाऱ्याला ते संरक्षणच नाही आणि मालक वीस फुटांवर राहतोय. आमच्या भाडेकरूने पहिल्या वर्षी गिझर बिघडला तो आठ दिवस सांगितलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, तक्रार केली तर तुम्ही घर सोडायला सांगाल असं वाटलं. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. आपण चांगले वागतो म्हणजे झालं असं नसतं, तिच्या हातात कागद हवा.

आणि आपल्या लोकांसाठी एक सांगायचंच आहे. व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात, मागचं घर भाड्याने देणे आहे, फक्त इंडियन फॅमिली. हे कॅलिफोर्नियात बेकायदेशीर आहे, आणि 2020 पासून सेक्शन 8 चं व्हाउचर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत, आहे म्हणून कुणाला नाकारणंही बेकायदेशीर आहे. घर देताना माणूस पारखून घ्या, उत्पन्न बघा, आधीच्या मालकाशी बोला, पण जात-देश-धर्म विचारू नका.

तर पैशाचं काय करायचं. राज्याने एक प्रयत्न केला होता. कॅल्एचएफएने, म्हणजे राज्याच्या गृहकर्ज संस्थेने, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या मालकांना नकाशे, मातीची तपासणी, परमिट फी अशा सुरुवातीच्या खर्चासाठी 40 हजार डॉलरपर्यंत अनुदान दिलं. चांगलं होतं, पण जो आधी येईल त्याला, आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये 25 मिलियन डॉलरची फेरी उघडली ती थोड्याच दिवसांत संपली. शिवाय सुरुवातीचा खर्च मिळाला म्हणून बांधकामाचे दोन लाख येत नाहीत, आजींच्याकडे नकाशे आहेतच की. केंद्राच्या बाजूने एफएचएने, म्हणजे गृहकर्जांची हमी घेणाऱ्या सरकारी संस्थेने, 2023 च्या ऑक्टोबरपासून अजून न बांधलेल्या एडीयूच्या अंदाजी भाड्यातला निम्मा भाग उत्पन्नात धरायला परवानगी दिली, ही दिशा बरोबर आहे, पण ती दुरुस्तीच्या एका विशिष्ट कर्जापुरती, आणि ते भाडं एकूण उत्पन्नाचा ठराविक हिस्साच धरलं जातं, म्हणजे ज्याचं उत्पन्न मुळात कमी त्याला त्याचा उपयोगही कमी. शिवाय ते घेतलं तर आधीचं कर्ज फेडून नवं घ्यावं लागतं, आणि ज्यांनी 2020-21 मध्ये 3 टक्क्यांच्या आसपास व्याजाने घर घेतलंय ते कशाला ते सोडतील. आजींना कुणीतरी रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे हप्ता न भरता घरावर मिळणारं कर्ज, सुचवलं, 62 च्या वरच्यांना मिळतं ते, पण त्याचा खर्च आणि दरवर्षी वाढत जाणारा आकडा बघून त्यांनी नको म्हटलं, मुलीला घर राहिलं पाहिजे म्हणाल्या.

मला वाटतं राज्याने सरळ कर्ज द्यावं, अनुदान नको. अनुदान एकदा दिलं की गेलं, कर्ज परत येतं आणि पुढच्याला मिळतं. ज्यांचं उत्पन्न कमी पण घरात इक्विटी, म्हणजे कर्ज वजा जाता स्वतःचा हिस्सा, आहे अशांना, एका प्लॉटवर एका एडीयूसाठी, येणाऱ्या भाड्यावर बेतलेला हप्ता आणि भाडं सुरू झाल्यावरच सुरू होणारा. बदल्यात मालकाने लिहून द्यायचं की दहा वर्षं हे घर निदान वर्षभराच्या करारानेच देईन, पर्यटकांना देणार नाही, आणि वर्षाला ठराविक टक्क्यांच्या वर भाडं वाढवणार नाही. ही अट काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंडने 2010 पासून एडीयूची विकास फी माफ केली होती आणि 2018 मध्ये ती माफी कायम करताना दहा वर्षं शॉर्ट टर्म भाड्याने देणार नाही हे लिहून घेतलं. लोकांनी ते स्वीकारलं, घरं बांधली. लॉस एंजेलिसने वयस्कर आणि कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना एडीयू मालकांशी जोडून देणारी योजना चालवली, त्यात मालकाला भाड्याची हमी आणि भाडेकरूला काही वर्षांची स्थिरता. सांताक्रूझमध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेने सिटीबरोबर म्हाताऱ्या घरमालकांच्या अंगणात घरं बांधून दिलीत, अगदी आजींसारख्यांच्या. करून बघितलेल्या गोष्टी आहेत या, फक्त फार लहान प्रमाणावर.

कुणी म्हणेल ज्यांच्याकडे दहा लाखांचं घर आहे त्यांना सरकारने कर्ज का द्यावं, भाडेकरूंना मदत करा, राज्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात. हा प्रश्न योग्य आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. पण आजी जेव्हा मागे राहायला जातात तेव्हा पुढे तीन बेडरूमचं घर मोकळं होतं, चांगल्या शाळेजवळ, चालत जाण्यासारख्या बसस्टॉपजवळ, तिथे चार-पाच जणांचं कुटुंब राहू शकतं. नवी जमीन लागली नाही, नवा रस्ता लागला नाही. सरकार जेव्हा परवडणारी घरं स्वतः बांधतं तेव्हा एकेका फ्लॅटला यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात आणि वर्षानुवर्षं जातात. आणि वरची अट असेल तर तो पैसा शेवटी भाडेकरूच्याच उपयोगी पडतो. अट नसेल तर मात्र मीही या कर्जाच्या विरोधात बोलेन.

पुढे सॅन होजेसारख्या ठिकाणी, जिथे 2024 पासून एडीयू वेगळं करून विकताही येतं, तिथे तर भाडेकरूला पहिला हक्क देता येईल, वीस वर्षं जो राहिला त्यालाच ते विकत घेता यावं. पण ते लांबचं झालं.

आजींच्या परमिटला बारा महिन्यांची मुदत असते, तेवढ्यात काम सुरू करावं लागतं. त्यांची मुदत मार्चमध्ये संपते. परवा त्यांच्याकडे लिंबं आणायला गेले तेव्हा नकाशे फ्रिजवर चिकटवलेले होते, आणि बाथरूमच्या दांड्यांची जागा त्यांनी पेन्सिलने चार बोटं खाली सरकवली होती, उंची त्यांच्या हाताला बरोबर यावी म्हणून.